कातडीवर दिसते, आत असते

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "पोटातल्या कॅन्सरच्या कातडीवर दिसणाऱ्या खुणा." सचिवांचा चेहरा जरा उतरला. सणाचे दिवस, प्रसादाला मोदक, आणि त्यात हे काय! पण आज या सभागृहात नजर टाकली तर साठीच्या पुढचेच जास्त दिसतात. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाही तर साता समुद्रापार. बडोद्यातली आपली सगळी घरे एकत्र भेटतात ती याच दहा दिवसांत. तेव्हा हे बोलायचे तर इथेच बोलायला हवे.

आधी दोन गोष्टी सांगून ठेवते. पहिली, आज ज्या खुणा सांगणार आहे त्या विरळ आहेत. कॅन्सर झालेल्या बहुतेकांना त्या दिसत नाहीत, आणि तशी खूण दिसलेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. घरी जाऊन आरशासमोर उभे राहून रात्र काढू नका. दुसरी, निदान घरी करायचे नसते. घरी करायचे असते ते पाहणे आणि सांगणे. आजचे सगळे बोलणे या दोन शब्दांविषयीच आहे.

पाहण्याची आणि सांगण्याची एक खरी गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तिथले मेयो क्लिनिक आज सगळ्या जगाला माहीत आहे. पण सुरुवातीला ते एक डॉक्टर वडील आणि त्यांचे दोन डॉक्टर मुलगे यांचे गावातले काम होते. १८८३ मध्ये त्या गावाला वादळाचा मोठा तडाखा बसला. जखमींना ठेवायला धड जागा नव्हती. त्यातून तिथल्या फ्रान्सिस्कन पंथाच्या भगिनींनी इस्पितळ बांधायचे मनावर घेतले, आणि १८८९ मध्ये सेंट मेरीज इस्पितळ उघडले.

त्या भगिनींपैकी एक होत्या सिस्टर मेरी जोसेफ. पूर्वाश्रमीचे नाव ज्युलिया डेम्प्सी, जन्म १८५६ चा, घर आयरिश वंशाचे. आधी त्या शाळेत शिकवत. इस्पितळ सुरू झाल्यावर त्यांना तिकडे पाठवले, आणि रुग्णसेवा त्या तिथेच शिकल्या. १८९० पासून १९१५ पर्यंत त्या विल्यम मेयो या शल्यविशारदाच्या शस्त्रक्रियांमध्ये पहिल्या सहायक होत्या. १८९२ पासून १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इस्पितळाचा सगळा कारभारही त्यांच्याकडेच होता.

शस्त्रक्रियेआधी रोग्याचे पोट धुऊन पुसून स्वच्छ करावे लागते. हे काम सिस्टर करत. हात फिरवताना त्यांच्या लक्षात आले की काही रोग्यांच्या बेंबीत एक कडक गाठ लागते, आणि अशा रोग्याचे पोट उघडले की आत कॅन्सर पसरलेला असतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यांनी ते डॉक्टरांना सांगितले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅन नव्हते. आत काय आहे हे पोट उघडल्यावरच कळे. तेव्हा बाहेरून बोटाला लागणारी एक गाठ आतली हकीकत सांगते, ही बातमी केवढी मोठी होती पाहा.

विल्यम मेयो यांनी १९२८ मध्ये या गाठीविषयी लिहिले. पुढे १९४९ मध्ये इंग्लंडचे शल्यविशारद हॅमिल्टन बेली यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात तिला नाव दिले, "सिस्टर जोसेफची गाठ". तोवर सिस्टरना जाऊन दहा वर्षे झाली होती. वैद्यकातल्या बहुतेक खुणांना मोठमोठ्या डॉक्टरांची नावे आहेत. ही एक खूण रोग्याचे अंग पुसणाऱ्या बाईच्या नावाने ओळखली जाते. या गोष्टीत दोन माणसे आहेत हे मात्र विसरू नका. एकीने पाहिले आणि सांगितले. दुसऱ्याने ते ऐकून घेतले. त्याने "तुम्ही तुमचे काम करा" असे म्हटले असते तर ती गाठ आणखी किती वर्षे तशीच राहिली असती कोण जाणे.

आता ही गाठ बेंबीतच का येते? नाळ पडल्यावर तिचे अवशेष आत दोऱ्यांसारखे राहतात. एक यकृताकडे जातो, काही मूत्राशयाकडे. शिवाय आसपासच्या रक्तवाहिन्यांचे आणि लसिकावाहिन्यांचे जाळे तिथे येऊन मिळते. पोटाची भिंत त्या जागी सर्वांत पातळ असते आणि पोटाच्या आतले अस्तर तिच्या अगदी लगत असते. आतल्या कॅन्सरच्या पेशींना बाहेर यायला इतक्या वाटा असतात. जठर, मोठे आतडे, स्वादुपिंड आणि बायकांमध्ये अंडाशय, हे तिचे नेहमीचे उगम. गाठ कडक असते, कधी दुखते, कधी मुळीच दुखत नाही. रंग कातडीसारखाच, नाही तर लालसर, निळसर. कधी तिला भेग पडते, पाणी किंवा रक्त येते.

आपल्याकडे तिचे काय होते? बेंबी ओली दिसली की खोबरेल तेल आणि हळद. पोटात दुखते म्हटले की "बेंबी सरकली", इथल्या भाषेत "पेचोटी खसी गई", आणि मग चोळणाऱ्याकडे नेणे. कुणी म्हणते हर्निया आहे, उन्हाळ्यानंतर ऑपरेशन करू. तेव्हा फरक ध्यानात ठेवा. हर्निया बहुधा मऊ असतो, खोकल्यावर फुगतो, आडवे झाल्यावर आत जातो. जंतुसंसर्ग औषधाने काही दिवसांत उतरतो. जी गाठ कडक आहे, आत जात नाही, औषधाने उतरत नाही आणि महिन्याभरात वाढली आहे, ती दाखवलीच पाहिजे. आणि एक कळकळीची विनंती: अशी गाठ चोळून घेऊ नका.

कातडीवरच्या बाकीच्या खुणांचे दोन गट करते, म्हणजे लक्षात राहतील.

पहिल्या गटात कॅन्सरच्या पेशी स्वतःच कातडीपर्यंत येतात. बेंबीची गाठ यातलीच. फुप्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा कॅन्सर कधी डोक्याच्या कातडीत कडक टेंगूळ होऊन दिसतो. केस विंचरताना कंगवा अडतो तेव्हा लक्षात येते. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि खड्ड्याखड्ड्यांची होते. स्तनाग्रावर इसबासारखे चट्टे येतात, खवले धरतात, मलमे लावून बरे होत नाहीत. लंडनचे जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले की अशा चट्ट्यामागे स्तनाचा कॅन्सर असू शकतो. बायांनो, इसब बहुधा दोन्हीकडे येते. एकाच बाजूच्या स्तनाग्रावर हट्टाने राहिलेला चट्टा इसब समजून वर्षभर मलम चोळत बसू नका. तो लवकर दाखवला तर रोग अजून हाताशी असण्याची चांगली शक्यता असते. कातडीच्या अगदी खाली लागणारी आणखी एक जागा सांगते, डाव्या कॉलर बोनच्या वरचा खळगा. पोटातून वर येणारी मुख्य लसिकावाहिनी तिथे शिरेला मिळते. म्हणून पोटातल्या कॅन्सरची गाठ कधी कधी मानेच्या मुळाशी लागते.

दुसऱ्या गटात कॅन्सर आतच राहतो, पण त्याच्यामुळे शरीरात जी द्रव्ये तयार होतात, किंवा शरीराची प्रतिकारशक्ती जी उलटसुलट वागते, त्याचा परिणाम कातडीवर उमटतो. यातल्या चार-पाचच खुणा सांगते.

मानेचा काळेपणा तुम्ही सर्वांनी पाहिला असेल. मानेवर, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. आया मुलींना घासून घासून अंघोळ घालतात. तो मळ नसतो. शंभरातल्या बहुतेक सगळ्यांत याचे कारण लठ्ठपणा आणि मधुमेहाकडे झुकलेले शरीर हेच असते. तेव्हा कुणाच्या सुनेची मान पाहून आज मी सांगितलेले आठवू नका, तिला साखर तपासायला सांगा. पण उतारवयात, वजन उतरत असताना, थोड्याच महिन्यांत असा काळेपणा आला, पसरत गेला, खाज सुटली, ओठांवर किंवा तोंडात खरबरीत दाणे आले, तळहात जाड आणि टॉवेलसारखे झाले, तर ती वेगळी गोष्ट आहे. अशा वेळी सर्वांत आधी जठर तपासतात.

दुसरी खूण, पापण्यांवर जांभळट सूज आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर, जांभळे उंचवटे. त्याबरोबर दंडांत आणि मांड्यांत अशक्तपणा. फडताळातला वरचा डबा काढता येत नाही, वेणी घालताना हात भरून येतात, पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. या आजाराला डर्मॅटोमायोसायटिस म्हणतात. प्रौढ वयात तो झालेल्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोकांत कुठेतरी कॅन्सर सापडतो. म्हणून हा आजार ठरला की डॉक्टर अंडाशय, फुप्फुस, पोट असे सगळे तपासायला सांगतात. तेव्हा "कातडीच्या डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी कशाला सांगितली?" म्हणून रागावू नका.

तिसरी खूण शिरांची. हातापायांवरची शीर दोरीसारखी कडक, लाल, दुखरी होते. ती बरी होते तोवर दुसरीकडे तसेच होते. पॅरिसचे आर्मां त्रूसो यांनी १८६५ च्या सुमारास सांगितले की अशा फिरत्या सुजेमागे लपलेला कॅन्सर असू शकतो. पुढे १८६७ मध्ये ती सूज त्यांच्या स्वतःच्या शिरेत आली. आपण शिकवलेली खूण आपल्याच अंगावर त्यांनी ओळखली, आणि त्याच वर्षी पोटाच्या कॅन्सरने ते गेले. एखादी शीर सलाइन लावल्यावर किंवा बसून राहिल्याने सुजली तर घाबरू नका. कारण नसताना जागा बदलत पुन्हा पुन्हा सुजली तर सांगा.

चौथी, म्हातारपणचे चामखिळीसारखे तपकिरी ठिपके. पाठीवर, छातीवर चिकटवल्यासारखे दिसतात. साठीनंतर ते बहुतेकांना असतात आणि निरुपद्रवी असतात. दोन-तीन महिन्यांत पाठभर एकदम उगवले आणि खाज सुटली तरच एकदा दाखवा. खूण म्हणून ती किती भरवशाची यावर डॉक्टरांतही एकमत नाही.

पाचवी, पोट न दुखता आलेली कावीळ आणि अंगभर खाज. आपल्याकडे कावीळ म्हटली की झाडपाला, माळ, उसाचा रस. पन्नाशीनंतर पोट न दुखता डोळे पिवळे होत गेले, लघवी गडद झाली, शौचाचा रंग फिका पडला, तर पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे. तो अडथळा स्वादुपिंडाचा असू शकतो. माळ उतरेपर्यंत थांबू नका, सोनोग्राफी करा.

एवढ्या खुणा पाठ करायची गरज नाही. चार प्रश्न लक्षात ठेवा. हे नवे आहे का? भराभर वाढते आहे का? साध्या उपचाराने तीन-चार आठवड्यांत बरे झाले नाही का? आणि त्याबरोबर भूक, वजन, शक्ती कमी होते आहे का? साठ किलोच्या माणसाचे काही न करता सहा महिने ते वर्षभरात तीन किलो वजन उतरले तर ती मोजण्याजोगी गोष्ट आहे. चार उत्तरांपैकी दोन-तीन "होय" आली की आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. कातडीवरची गाठ म्हणजे तपासाला सोयीची जागा. बारीक सुईने चार थेंब घेतले किंवा लहानसा तुकडा काढला तरी पुष्कळदा आतल्या रोगाचे नाव कळते. "सुरी लागली की पसरतो" ही भीती सोडून द्या. आणि कुठलीही गाठ काढली, जाळली, तर ती पॅथॉलॉजीत पाठवली का, हे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता जो प्रश्न तुमच्या मनात आला असेल तो मीच विचारते. यातल्या बऱ्याच खुणा दिसेपर्यंत रोग पुढे गेलेला असतो. बेंबीतली गाठ म्हणजे बहुधा पोटभर पसरलेला रोग. मग कळून उपयोग काय? न कळलेलेच बरे नाही का?

मी याचे उत्तर तीन भागांत देते. एक, पुढे गेलेला प्रत्येक कॅन्सर सारखा नसतो. अंडाशयाचा, स्तनाचा, लसिकाग्रंथींचा कॅन्सर पसरलेला असला तरी औषधांना चांगली दाद देऊ शकतो, आणि त्यात महिन्यांची वर्षे होऊ शकतात. नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही. दोन, रोग बरा होणार नसला तरी वेदना कमी करता येतात. भारतात मॉर्फिन मिळणे फार अवघड होते; २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियम सोपे झाले. मुंबईत बांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन निघाले, ते देशातले पहिले हॉस्पिस मानले जाते. त्याची शाखा गोव्यातही आहे. आपल्याकडे कॅन्सर म्हटला की मुंबईचे टाटा हॉस्पिटल आठवते, आणि तिथेही वेदना कमी करणाऱ्या उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. "आता काही करता येणार नाही" हे वाक्य खरे नसते. रोगावर करता येत नसले तरी माणसासाठी करता येते.

तीन, वेळ. रिपोर्ट आला की मुलगा दाराबाहेर मला गाठतो आणि म्हणतो, "डॉक्टर, बाबांना सांगू नका, ते खचतील." मी त्या मुलाची माया समजते. पण बाबांना बहुतेक वेळा कळलेलेच असते. घरातले कुजबुजणे, अचानक सगळ्या नातेवाइकांचे येणे, आवडीचे जेवण रोज ताटात येणे, यावरून माणूस ओळखतो. मग तो तुमच्यासाठी न कळल्याचे सोंग करतो, तुम्ही त्याच्यासाठी, आणि शेवटचे महिने दोघांचे त्या सोंगात जातात. त्याला कुलदेवतेला एकदा जायचे असते. भावाशी वीस वर्षांचा अबोला संपवायचा असतो. बँकेचे कागद बायकोला समजावून द्यायचे असतात. अमेरिकेतल्या मुलीला बोलावायचे असते, ते हिंडता-फिरता असताना, व्हेंटिलेटरवर नव्हे. सगळे एका दिवसात सांगा असे मी म्हणत नाही. त्यांना किती ऐकायचे आहे ते आधी त्यांनाच विचारा. विचारण्याआधीच त्यांच्या वतीने "नको" म्हणू नका.

शेवटी घरातल्या पाहणाऱ्यांविषयी. आपल्या आजी, मावशी, काकू कपड्याआडचे दुखणे सांगत नाहीत. "इश्श, त्यात काय दाखवायचे" म्हणून वर्ष काढतात. पुरुषांचे वेगळे, "काही नाही, उष्णता आहे" म्हणून टाळतात. पण त्यांचे अंग कुणीतरी पाहतच असते. दिवाळीला अभ्यंगाचे तेल लावणारी बायको. आजारपणात अंघोळ घालणारी सून किंवा मुलगा. साडी नेसवणारी मुलगी. आणि आता पुष्कळ घरांत दिवसभर सांभाळायला येणाऱ्या बेन. त्या रोज अंग पुसतात. नवी गाठ, न भरणारा चट्टा, पिवळे होत चाललेले डोळे, त्यांना आपल्या आधी दिसतात. त्यांना एकदा सांगून ठेवा, "बेन, अंगावर काही नवीन दिसले तर आम्हाला सांगा." आणि त्यांनी सांगितले की हातातला मोबाइल खाली ठेवून ऐका. त्या डॉक्टर नाहीत हे खरे आहे. सिस्टर मेरी जोसेफही डॉक्टर नव्हत्या.

माहेरी-सासरी जाणाऱ्या मुलींनो, सुट्टीत आलेल्या मुलांनो, या दहा दिवसांत आई-वडिलांकडे नीट पाहा. पाठीला तेल लावून द्या. कपडे सैल झालेत का पाहा. जेवण अर्ध्यावर का सोडतात ते विचारा. काही वावगे दिसले तर विसर्जन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा ते काही नसते, आणि तसे कळले की तुमची झोप चांगली लागते.

 ज्यांना एकट्याने काही विचारायचे असेल, त्यांच्यासाठी मी प्रसादानंतर मागच्या खोलीत थांबणार आहे. दार लावून घेऊ, संकोच नको.

गणपती बाप्पा मोरया!